मिठावर गाडी पळवायचीय? आधी हरकाम्या हो

इंजिन कोणतं घेऊ, हा तुझा पहिलाच प्रश्न. माझं ऐक, यंदा काहीच घेऊ नकोस. ऑगस्टमध्ये अमेरिकेत, युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर, स्पीड वीकला ये. म्हणजे वेगाचे विक्रम करायचा आठवडा. तेही एखाद्या टीमचा हरकाम्या म्हणून. आम्ही बहुतेक असेच अडकलो. बघायला गेलो, कुणीतरी हातात पाना दिला, संपलं!

सुरुवातीला एवढंच:

- नियमपुस्तक आधी, वेल्डिंग नंतर. नवखे नेमकं उलटं करतात. माझा पहिला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, तपासणीत नापास झाला. कापून पुन्हा केला.
- लहान इंजिनाचा क्लास (विक्रमाचा गट) बघ, खिशाला झेपतो. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोंनी 1920 ची इंडियन स्काउट मोटारसायकल घरच्या शेडमध्ये, पिस्टनसुद्धा स्वतः ओतून तयार केली आणि 1967 साली ताशी 183 मैलांच्या वर विक्रम केला. वय 68!
- मीठ. गाडी त्याच रात्री पोटाखालून धू, नाहीतर कनेक्टर हिरवे पडलेच म्हणून समज. सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांपाशीही लाव. हसू नकोस, तिथे ऊन खालूनही भाजतं.

पहिल्याच वर्षी मोठ्या वेगाचा हट्ट नको. तिथे जास्त वेगाचं लायसन्स टप्प्याटप्प्यानेच मिळतं. विमानाचं तिकीट मात्र रद्द करता येईल असंच काढ. 2014 आणि 2015, दोन्ही वर्षी मैदान खराब म्हणून स्पीड वीक झालाच नाही.

गिअरिंग, टायर, हवेचा रोध यावर आत्ता बोलतच नाही. आधी रांगेत चार तास उन्हात उभं राहून बघ, आवडतंय का.