पाठ्यपुस्तकातले डेटासेट आर पॅकेज म्हणून प्रसिद्ध करता येतात का?

तुमच्या सरांचं संख्याशास्त्राचं पुस्तक आता छापलं जात नाही. त्यातल्या उदाहरणांची आकडेवारी तुम्ही एक्सेलमध्ये उतरवून ठेवली आहे आणि ती आर या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंग भाषेचं पॅकेज करून क्रॅनवर, म्हणजे आर पॅकेजांच्या अधिकृत ऑनलाइन भांडारात, ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, आणि जरूर ठेवा. मी संख्याशास्त्र शिकवतो. पुस्तकातले आकडे हातानं भरण्यात मुलांचा अर्धा तास जातो आणि डेटाकडे बघायला वेळच उरत नाही, हे मला फार खटकतं. ही वाट रुळलेली आहे. वेनेबल्स आणि रिप्ली यांच्या पुस्तकाचं 'मास' पॅकेज आर बसवलं की सोबतच येतं. वूल्ड्रिज यांच्या अर्थमितीच्या पुस्तकातले शंभरावर डेटासेट 'वूल्ड्रिज' नावाच्याच पॅकेजमध्ये आहेत.

आधी परवानगी घ्या. सुटे आकडे कुणाच्या मालकीचे नसतात, पण आपल्याकडच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते आणि संकलनं साहित्यकृतीत धरली आहेत. त्यामुळे सरांकडून लेखी घ्या, आणि हक्क प्रकाशकाकडे असतील तर त्यांच्याकडूनही. सरांनी एखादा तक्ता दुसऱ्या कुणाच्या शोधनिबंधातून घेतला असेल तर त्याचा वेगळा विचार करावा लागेल. अशा दोनचार तक्त्यांवर गाडी अडली तर ते सरळ गाळा. मग परवाना निवडा, म्हणजे इतरांनी डेटा कुठल्या अटींवर वापरायचा ते. जीपीएल हा परवाना मुळात प्रोग्रॅमसाठी आहे. निव्वळ डेटाला सीसी-बाय 4.0 (श्रेय देऊन वापरायची मुभा) किंवा सीसी-झीरो (सगळे हक्क सोडणं) बरा. अंटार्क्टिकातल्या 344 पेंग्विनांचा डेटा देणारं 'पामरपेंग्विन्स' सीसी-झीरोखालीच खुलं आहे.

पॅकेज बांधणं त्या मानानं सोपं. 'यूजधिस' पॅकेज सांगाडा उभा करून देतं. मूळ सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) आणि ती साफ करणारा कोड 'डेटा-रॉ' फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे कुठला आकडा कुठून आला ते कुणालाही तपासता येईल.

खरं काम आहे ते प्रत्येक डेटासेटच्या मदतपानाचं, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. आरमधला 'कार्स' डेटासेट बघा. गाडीचा वेग आणि थांबायला लागलेलं अंतर, अशा 50 नोंदी. वेग ताशी मैलात, अंतर फुटांत आणि मोजमाप 1920च्या दशकातलं, हे मदतपानावर लिहिलेलं नसतं तर आजच्या गाड्यांबद्दल भलतेच निष्कर्ष काढले गेले असते. तुमच्याकडे 'उत्पादन' नावाचा स्तंभ असेल तर ते एकरी की हेक्टरी, क्विंटल की किलो, कुठल्या हंगामाचं, हे सगळं आलं पाहिजे. पुस्तकातला प्रकरण क्रमांक आणि पानही द्या. पुस्तकात नसलेलं सरांना आठवत असेल, तर त्यांच्यासोबत बसून आत्ताच लिहून घ्या. तेवढ्यासाठीसुद्धा हे पॅकेज व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

छापील चुकांचं काय करायचं? आकडे गुपचूप दुरुस्त करू नका. फिशर यांनी 1936 साली वापरलेला आयरिस फुलांचा डेटा जगभर शिकवला जातो, पण यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या ऑनलाइन डेटा संग्रहातल्या प्रतीत 35व्या आणि 38व्या ओळीत मूळ लेखापेक्षा वेगळे आकडे आहेत. आरमधली प्रत मूळ लेखाशी जुळते. दोघांनी दोन ठिकाणांहून डेटा घेतला तर उत्तरं जुळत नाहीत आणि कारण सापडता सापडत नाही. बॉस्टनच्या घरकिमतींच्या डेटातल्या चुका 1996 साली दाखवल्या गेल्या. 'एमएलबेंच' पॅकेजनं मूळ डेटा तसाच ठेवून दुरुस्त डेटा वेगळ्या नावानं दिला. तुम्हीही तसंच करा, म्हणजे पुस्तकामागची उत्तरंही जुळतील आणि बरोबर आकडेही मिळतील.

गावांची नावं देवनागरीत ठेवायला हरकत नाही. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 असेल तर पॅकेजच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत फक्त एक सूचना येते, त्रुटी नाही. स्तंभांची नावं मात्र रोमनमध्ये घ्या, आणि मदतपानंही, कारण देवनागरी मजकुरावर पीडीएफ मॅन्युअल बनवताना लॅटेक्स हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम अडकतो. आकारमानाची काळजी नको, पुस्तकातले तक्ते काही मोठे नसतात.

सरांचं नाव लेखकांच्या यादीत घाला आणि त्यांना कॉपीराइटधारक म्हणूनही नोंदवा. देखभाल करणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव द्या, पण ईमेल कॉलेजचा नको. नोकरी बदलली की तो बंद होतो. आरची नवी आवृत्ती येऊन तपासणीत काही बिघडलं तर क्रॅन त्याच पत्त्यावर मुदत देऊन कळवतं, आणि उत्तर गेलं नाही तर पॅकेज काढून जुन्या पॅकेजांच्या संग्रहात हलवलं जातं. मग नेहमीच्या पद्धतीनं ते बसवता येत नाही. दुसऱ्या कुठल्याही पॅकेजवर अवलंबून नसलेलं, निव्वळ डेटाचं पॅकेज सहसा असं बिघडत नाही, म्हणून पहिल्या आवृत्तीत आकडे आणि मदतपानं एवढंच द्या, फंक्शनं नंतर बघता येतील.