युनिक्सच्या आधी ऑपरेटिंग सिस्टीम होत्या का? पहिली कोणी बनवली?

होत्या, आणि बऱ्याच होत्या. युनिक्स १९६९ चं. पहिली म्हणून सहसा जिचं नाव घेतात ती १९५६ ची, जीएम-एनएए आय/ओ. चालायची आयबीएम ७०४ या संगणकावर, पण लिहिली आयबीएमच्या गिऱ्हाइकांनी: जनरल मोटर्सचे रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनचे ओवेन मॉक. म्हणजे एक मोटारवाले, दुसरे विमानवाले!

त्यांना ही उठाठेव करायला लावली भाड्याने. आधीच्या ७०१ चं भाडं महिन्याला सुमारे १५ हजार डॉलर. प्रोग्रॅमरला वेळ नेमून दिलेली असायची. पाळी आली की प्रोग्रॅमच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आत जायचं, टेप चढवायच्या, प्रिंटरला कागद लावायचा, मग कुठे प्रोग्रॅम सुरू. तो मधेच अडकला की गाशा गुंडाळायचा, आणि पुढच्याचं पुन्हा पहिल्यापासून. तोवर मशीन नुसतं बसून, भाडं मात्र चालू.

यांनी काय केलं, तर बरीचशी कामं ओळीने एका टेपवर भरली आणि एक छोटा प्रोग्रॅम मेमरीत कायमचा ठेवला. त्याला मॉनिटर म्हणत. काम संपलं की त्याने मॉनिटरकडे परतायचं, मॉनिटर पुढचं काम उचलणार. बास. पण सगळा मामला प्रोग्रॅम नीट वागेल या भरवशावर. एखादा प्रोग्रॅम लूपमध्ये गरगरत बसला तर त्याला आवरायला टायमर नाही. मेमरीलाही संरक्षण नाही, त्यामुळे चुकार प्रोग्रॅम खुद्द मॉनिटरच पुसून टाकू शकायचा. मग ऑपरेटरने उठून हाताने मशीन थांबवायचं. तरीही ७०४ च्या सुमारे ४० ठिकाणी ही सिस्टीम वापरात होती.

हा भरवसा मोडीत निघाला तो एमआयटीच्या सीटीएसएस या सिस्टीममध्ये. फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचं प्रात्यक्षिक दिलं. एकाच मशीनवर एकाच वेळी अनेकजण काम करणार म्हटल्यावर टायमर आणि मेमरीचं संरक्षण हवंच. आयबीएमकडून ते हार्डवेअरमध्ये मुद्दाम बसवून घेतलं. पासवर्डही आले. (कॉर्बाटोंची पुढची सिस्टीम मल्टिक्स. युनिक्सचे थॉम्प्सन आणि रिची आधी तिच्यावरच राबत होते.)

तरी घोळ झालाच. एका दुपारी जो लॉगिन करेल त्याच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. दोन सिस्टीम प्रोग्रॅमर एकाच डिरेक्टरीत बसून, एक सूचना आणि दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. एडिटर दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस असणार, असं एडिटर लिहिणारे धरून चालले होते.