स्वतः कमावणं म्हणजेच स्त्रीवाद का?

तुमची धाकटी बहीण म्हणते, स्वतः कमवायचं, स्वतःच्या मर्जीनं जगायचं हाच आजचा स्त्रीवाद; मोर्चे, संघटना जुन्या झाल्या. हे पटतं का, असं तुम्ही विचारलंय. पहिलं अर्धं मला पटतं. हातात स्वतःचा पगार असण्याची किंमत मी जाणते. दुसरं अर्धं साफ चूक आहे.

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका साडीच्या दुकानात मी सहा वर्षं सेल्सगर्ल होते. सकाळी दहा ते रात्री नऊ, जेवणाचा अर्धा तास सोडला तर उभं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. ८ मार्चला दारात 'तू सक्षम आहेस' असा फलक, साड्यांवर सूट, आम्हाला एकेक गुलाब. एका वर्षी त्याच दिवशी मी स्टूल मागितलं. "जमत नसंल तर घरी बस," एवढंच उत्तर मिळालं. संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे. कुणी क्रेप बँडेज बांधायची, कुणी मऊ तळाची महागडी चप्पल घ्यायची. शेजारच्या काऊंटरवरची तर म्हणायची, "मीच कमी पडतो गं."

बाजारानं स्त्रीवादाचं काय केलं ते मला या वाक्यात दिसतं. स्टूल दुकानात नव्हतं, पण दोष तिनं स्वतःच्या पायांना दिला आणि इलाजही स्वतःच्याच पगारातून विकत घेतला. अमेरिकी विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांनी २०१३ साली हीच खंत मांडली होती: एकजुटीची भाषा मागं पडली, एकेकीनं वर चढायची पुढं आली.

केरळात दुकानांतल्या बायकांना हाच जाच होता. कोळिकोडच्या बायकांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसायचा हक्क आला. ती बातमी मी काऊंटरमागं उभ्याउभ्याच वाचली. सहा वर्षांत आम्ही चौघींनी मिळून एकदाही स्टूल मागितलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. एकट्या विधवेनं कुंकू ठेवलं तर गाव नावं ठेवतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तेव्हा गावच तिच्या बाजूनं उभं राहिलं. त्याच महिन्यात इतर गावांनीही तसं करावं म्हणून राज्य सरकारनं परिपत्रक काढलं.

गेल्या दिवाळीत मी त्या दुकानात साडी घ्यायला गेले. नव्या मुली होत्या, स्टूल अजून नव्हतं. साडी बाजूला ठेवून आधी मी त्यांना कोळिकोडचं सांगितलं.