मागे डिस्क बसवल्यावर हँडब्रेकची केबल

भाऊ, जीपच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेकचे कॅलिपर (पॅडनी डिस्क दाबून धरणारे भाग) बसले म्हणून हँडब्रेकची केबल लगेच आवळू नको. आधी चेसिसखाली स्टँड लावून मागची चाकं मोकळी लोंबू दे. एक्सल पूर्ण खाली गेला की केबल सगळ्यात जास्त ताणते, माप तेव्हाच घे. मी पहिल्या जीपची केबल गाडी जमिनीवर ठेवून मापली होती. पांदण रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात ब्रेक धरायचा, आर्वीला पोचेस्तोवर डिस्क निळी पडली.

केबलचं वळण मोठं अन् गोल ठेव. आखूड वळणात आतली तार अडकते, मग लिव्हर सोडूनही पॅड सुटत नाही. सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून (एक्सलला ताकद पोचवणारा फिरता दांडा) लांब ने. केबल धरायच्या पट्ट्या लोखंडीच लाव. प्लास्टिकच्या उन्हाळ्यात तडकतात.

आपली काळी माती तर केबलची वैरीणच. पावसाळ्यात चिखल कव्हरात शिरतो, वाळला की दगड होतो. केबलच्या टोकाचं रबरी बूट, म्हणजे चिखल अडवणारं टोपण, फाटलं असेल तर आजच बदल.

ताण शेवटी दे. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही कॅलिपरचे हात (केबल ओढते ते दांडे) आपल्या स्टॉपला, म्हणजे मागे अडवणाऱ्या खुंटीला, टेकलेच पाहिजेत. मग उतारावर, चाकाच्या उताराकडच्या बाजूला थोडं पुढे दगड ठेवून तपास.