कोल्हापुरातून गुलमर्गला हिवाळी हंगामाच्या नोकरीसाठी जायचं आहे. बर्फ पडायच्या आत तिथं बस्तान कसं बसवावं?

प्रश्नात तू लिहिलंयस की हॉटेल मॅनेजमेंट झालंय, घर कसबा बावड्यात आहे, गुलमर्गच्या एका हॉटेलनं किचनमध्ये हंगामी नोकरी देऊ केलीय आणि २० डिसेंबरला हजर व्हायला सांगितलंय. राहायचं कुठं, न्यायचं काय, थंडी सोसेल का आणि आईला काय सांगायचं, हे तुला विचारायचंय.

२० डिसेंबरला जाऊ नकोस, भावा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा. पगार डिसेंबरपासूनच सुरू होणार असेल तरी जा. फार तर जेवण आणि खोलीवर महिनाभर पडेल ते काम करतो म्हणून सांग, बहुतेक नाही म्हणणार नाहीत, कारण त्या महिन्यात त्यांनाही गाद्या वाळवायला आणि लाकडं रचायला माणसं लागतातच.

मी मंगळवार पेठेतला. तिथं दोन हंगाम काढले, २०२२-२३ आणि २०२३-२४. पहिल्या वेळी तुझ्यासारखाच सांगितलेल्या तारखेला पोचलो, १९ डिसेंबरला. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चिल्लई कलान लागतं, म्हणजे सगळ्यात कडक थंडीचे ४० दिवस. त्याच्यामागून चिल्लई खुर्द २० दिवसांचं आणि चिल्लई बच्चा १० दिवसांचं. म्हणजे मी बरोबर थंडीच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो. लग्नात शेवटच्या पंगतीला बसलं की जे उरलंय ते ताटात पडतं, तसं झालं. खोली उरलेली, उन्हाची तिरीपसुद्धा न येणारी. बुखारीचा, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीचा, पाइप गळका. लाकडं ओली. आणि किचनमधली सगळी पोरं हंगामाच्या धावपळीत, नव्या माणसाला काही शिकवायला कुणाला दोन मिनिटं नाहीत.

दुसऱ्या वर्षी ३ नोव्हेंबरला गेलो आणि गाव वेगळंच दिसलं. दुकानं अर्धी बंद, घोडेवाले निवांत, गोल्फच्या मैदानावरचं गवत पिवळं पडलेलं. हॉटेलात पाहुणे कमी, त्यामुळं बोलायला माणसं मोकळी. तेव्हाच्या ओळखी मार्चपर्यंत पुरल्या.

आता राहण्याचं. गुलमर्ग हे आपण समजतो तसं गाव नाही. २६५० मीटरवरचं एक कुरण, त्याच्या कडेनं हॉटेलं, सरकारी हट, लष्कराचं ठाणं, गंडोल्याचं, म्हणजे रोपवेचं, स्टेशन. भाड्यानं खोल्या देणारी गल्ली वगैरे तिथं नाही. स्थानिक लोक बहुतेक खाली तंगमर्गला आणि आसपासच्या खेड्यांत राहतात. तंगमर्ग १३ किलोमीटर खाली आहे, तिथून रोज सुमोनं वर येतात. तुझ्यापुढं दोनच वाटा, हॉटेलचं स्टाफ क्वार्टर किंवा तंगमर्गला खोली. मी क्वार्टरच घे म्हणेन. बर्फ पडला की तंगमर्गच्या वर चाकाला साखळी असल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, आणि मोठा बर्फ झाला की साखळीवालेही थांबतात. सकाळी सहाच्या नाश्त्याची ड्यूटी आणि तू खाली अडकलेला, असं दोनदा झालं की शेफ तिसऱ्यांदा विचारत नाही.

क्वार्टरमध्ये खोली निवडायला मिळणं, हेच लवकर जाण्याचं खरं कारण. चार गोष्टी बघ. दुपारी ऊन येतं का. बुखारी पेटवून बघ, धूर आत येतो का. पाण्याचा नळ बाहेरच्या भिंतीवर आहे की आतल्या, कारण बाहेरचा पहिल्यांदा गोठतो. रात्री नळ बारीक ठिबकत ठेवायचा असतो आणि तरीही दोन बादल्या भरून ठेवायच्या असतात. चौथी गोष्ट, आधी त्या खोलीत राहिलेल्या माणसाला गाठून विचार. मालक सांगणार नाही ते तो सांगेल.

बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, वर धुराडं, आत लाकूड. पेटवायला शिकायला मला आठवडा लागला. आपल्याकडं चूल पेटवलेल्या माणसाला सोपं जाईल असं वाटतं, पण चुलीला धूर जायला सगळं छप्पर मोकळं असतं. इथं सगळं बंद. पहिल्या हंगामात एका रात्री मी गळक्या पाइपची बुखारी चालू ठेवून, फटीत कापड कोंबून झोपलो. पहाटे उठलो तो डोकं फुटायची वेळ, पाय उचलेनात. शेजारच्या खोलीतल्या चाचानं दार ढकललं म्हणून आज हे लिहितोय. हा कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू, ना वास ना रंग. झोपण्यापूर्वी बुखारी विझवायची, खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि कांगडी अंथरुणात घ्यायची नाही. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीतलं निखाऱ्याचं मडकं, फेरनच्या, म्हणजे तिथल्या लांब सैल झग्याच्या, आत धरतात. स्थानिक लोक लहानपणापासून सांभाळतात म्हणून त्यांना सोपी. आपण पहिल्याच दिवशी फेरन जाळतो. मी जाळला.

कपड्यांचा बाजार कोल्हापुरात करू नकोस. फक्त अंगालगतचे थर्मल दोन जोड आणि लोकरीचे मोजे इथून ने. सुती मोजा ओला झाला की पाय गेला, आणि जीन्सचंही तेच, एकदा भिजली की पत्र्यासारखी होते. बर्फात घालायचे लांब गमबूट तंगमर्गला स्वस्तात मिळतात, सगळं गाव तेच घालतं. फेरन तिथल्या शिंप्याकडून शिवून घे, पण नोव्हेंबरातच, डिसेंबरात त्याला वेळ नसतो. गॉगल मात्र चांगला घे. बर्फावरून परत येणारं ऊन डोळे जाळतं. आणखी एक, आजोबांचं पट्टणकोडोलीचं घोंगडं मी नेलं होतं, पोरं हसली होती. जानेवारीत तेच घोंगडं रजईवर टाकायला रोज रात्री कोण ना कोण मागायला यायचं. टोचतं, पण वारा आत येऊ देत नाही.

कोल्हापुरी चपला नेऊ नकोस, हेही सांगतो, कारण तू नेशीलच. बुखारीजवळ ठेवल्या तर चामडं तडकतं.

थंडी सोसते. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर धुकं आलं की आपण कानटोपी काढतो, तिथं जानेवारीच्या कितीतरी रात्री पारा उणे १० च्या खाली जातो. पण ती कोरडी थंडी, आणि अंगात भिनायला दोन-तीन आठवडे लागतात. नोव्हेंबरात उणे दोन, मग उणे पाच, असं शरीर पायरीपायरीनं उतरतं. एकदम उतरवलं की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं आणि माणूस पहिल्याच आठवड्यात परतीचं तिकीट बघतो. उंचीचा त्रास २६५० मीटरवर फारसा होत नाही, दोन दिवस दम लागतो एवढंच. चालणं मात्र शिकायला लागतं. राधानगरीकडं चिखलात भातलावणीला जसा पूर्ण तळवा टेकवून, हळू, गुडघ्यात सैल राहून पाय टाकतात, तसं बर्फावर चालायचं. टाच आधी टेकवलीस की आडवा.

किचनवाला आहेस म्हणून हे वेगळं सांगतो. तिथं पाणी साधारण ९१ अंशालाच उकळतं. डाळ, राजमा, मटकी उघड्या पातेल्यात शिजत नाही, नुसती फिरत राहते. सगळं कुकरमध्ये आणि शिट्ट्या जास्त. पहिल्या महिन्यात माझा भात दररोज कच्चा राहायचा आणि मी तांदळाला शिव्या घालायचो. दुसऱ्या वर्षी मी स्टाफसाठी मिसळ केली. फरसाण इथून नेलेलं, कट घरच्या कांदा-लसूण चटणीचा. काश्मिरी मिरचीला रंग असतो, तिखटपणा नसतो. आपल्या चटणीला दोन्ही असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि एकजण रडत रडतच विचारत होता, यात गोश्त कुठंय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नून चायबरोबर, म्हणजे मिठाच्या चहाबरोबर, लोणी लावलेल्या चोटवर चटणी घालून खाताना मी त्यालाच पाहिलं. चोट म्हणजे तिथली तंदुरातली सकाळची रोटी. हिवाळ्यात पहाटे हरीसा मिळतो, मटण आणि तांदूळ रात्रभर घोटून केलेला. तंगमर्गला किंवा श्रीनगरला सुट्टीच्या दिवशी जाऊन खाच. पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला तो कळतो.

पैशाचं बोलतो, कारण तिथंच मी फसलो. बर्फाचा हंगाम कॅलेंडरवर येत नाही. तो पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या भरवशावर असतो, ज्याला हवामान खात्याचे लोक पश्चिमी विक्षोभ म्हणतात. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला. गंडोल्याच्या खाली गवत दिसत होतं. बुकिंगं रद्द झाली आणि आमच्या हॉटेलनं अर्ध्या पोरांना बिनपगारी घरी बसवलं, त्यात मी. महिनाअखेरीस बर्फ आला, फेब्रुवारीत पुढं ढकललेले खेलो इंडियाचे हिवाळी खेळही झाले, पण माझे तीन आठवडे गेले ते गेलेच. म्हणून जाण्यापूर्वी लिहून घे. बर्फ नसला तरी पगार किती, घरी बसवलं तर जेवण-खोली चालू राहणार का, परतीचं भाडं कोण देणार. फोनवर नको, कागदावर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर. टिप्स मिळतात, पण त्या धरून हिशेब करू नकोस.

स्कीइंग शिकायचंय असंही तू लिहिलंयस. तिथं पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग. तिचे कोर्स बाहेरच्यापेक्षा बरेच स्वस्त असतात, पण हंगामात तुला सलग सुट्टी कोण देणार? आम्ही साप्ताहिक सुट्टीला मैदानाच्या सोप्या उतारावर शिकलो, स्थानिक पोरांकडून. मैदानातच राहा. गंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, दुसरा थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३९०० मीटरच्या वर. वर गेलास तर बघायला जा, आखलेल्या मार्गाबाहेर स्की घालून उतरू नकोस. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, त्या दिवशी मी किचनमध्येच होतो. स्ट्रेचर घेऊन धावणारी माणसं खिडकीतून दिसली. ते दोघं आयुष्यभर बर्फात घसरणारे, आपण रंकाळ्याच्या कठड्यावर बसणारे.

जाताना मी पुण्याहून झेलमनं जम्मूला गेलो आणि तिथून सुमोनं. रामबनजवळ दरड पडून रस्ता बंद, एक रात्र गाडीतच. जून २०२५ मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली, त्यामुळं तुझा हा भाग सोपा झालाय. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. निघण्यापूर्वी सिम पोस्टपेड करून घे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. मला हे माहीत नव्हतं, आणि पहिले तीन दिवस घरी फोन नाही म्हटल्यावर आईनं अंबाबाईला काय काय बोललं होतं ते मला अजून फेडायचंय.

आईचं म्हणशील तर तिची भीती खोटी आहे असं सांगू नकोस. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय, आपल्या राज्यातली माणसंही त्यात गेली. तिला हे सांग की रोज रात्री ठरल्या वेळी फोन करशील, आणि मग कर. दुसरं, श्रीनगरात सांगली जिल्ह्यातली गलाईवाल्यांची घरं आहेत, सोनं-चांदी गाळणारे आपले लोक, विटा-आटपाडीकडचे. ते लाल चौकात गणपती बसवतात. माझी त्यांच्यातल्या एका कुटुंबाशी ओळख नोव्हेंबरात झाली. जानेवारीत बिनपगारी झालो तेव्हा त्यांच्याकडं आठ दिवस राहिलो, आणि काकू रोज भाकरी करायच्या. आईला त्यांच्याशी एकदा फोनवर बोलू दे. माझ्या आईनं त्यानंतर मला फोन करायचं कमी केलं, त्यांनाच करायला लागली.

आणि नोव्हेंबरात एखाद्या सकाळी उठशील तेव्हा बाहेरचा सगळा आवाज बंद झालेला असेल. ना कुत्रं, ना गाडी. दार उघडलं की पहिला बर्फ. माझ्या वेळी शेजारच्या चाचानं जिन्यातूनच ओरडून सांगितलं, शीन मुबारक. मला वाटलं कुणाचं लग्न ठरलं. तिकडं पहिल्या बर्फाला असं म्हणतात. चाचानं नुसतं म्हटलं नाही, चहा माझ्याकडून वसूल केला, कारण आधी तो बोलला होता. तू आधी बोल.