गिअरबॉक्सचा खर्च की नव्या गाडीचा हप्ता?

प्रश्न (थोडक्यात): माझ्याकडे १९९४ची टोयोटा लँड क्रूझर ८० आहे. ४.२ लिटरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन. महिन्यातून दोन-तीनदा कामासाठी डोंगरातल्या कच्च्या वाटांवर न्यावी लागते. आता गिअरबॉक्स उघडावा लागणार आहे आणि पुढच्या ॲक्सलचे सील गळतायत. हा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या एक तृतीयांश होतो. पत्नीचं म्हणणं, कर्ज काढून नवी घ्या. तिची छोटी, अलीकडची गाडी घरात आहेच. माझा मात्र हिच्यात जीव अडकलाय. हा वेडेपणा आहे का?

उत्तर: वेडेपणा नाही, पण तुम्ही ज्या आकड्याला घाबरलात तो आकडा इथे कामाचा नाही. गाडी विकली तर दुरुस्तीचे पैसे वाचतील हे खरं, पण कच्च्या वाटांवर जायला दुसरी गाडी लागणारच. म्हणून दुरुस्ती आणि जुन्या गाडीची किंमत यांची तुलना सोडून द्या. पुढची पाच वर्षं जुनी सांभाळायला किती जातील आणि नवी बाळगायला किती, एवढंच बघा.

नव्या गाडीची किंमत १०० धरू. जुनी विकून १२ येतील, ८ तुमच्या बचतीतले, उरलेले ८० कर्ज. ९ टक्के दराने पाच वर्षांत व्याजच २०च्या घरात जातं. दणकट गाड्या बाजारात भाव राखून असतात, तरी पाच वर्षांत किंमत ४०ने उतरेल असं मी धरतो. विमा १५, सर्व्हिसिंग ५. झाले ८०. आता जुनी: समोरचं काम ४, पाच वर्षांची किरकोळ-मोठी दुरुस्ती १५, विमा ५, जास्तीचं डिझेल ८, किमतीतली घट २. एकूण ३४. गृहीतकं माझी आहेत, तुमच्या मेकॅनिकचे आणि बँकेचे आकडे घालून पुन्हा मांडा. पण दुरुस्तीचे १५ दुप्पट झाले तरी बेरीज ४९वरच थांबते.

दुसरी गोष्ट तुमच्या इंजिनाची. १९९०पासूनचं हे सहा सिलिंडरचं इंजिन टोयोटाने लँड क्रूझरच्याच ७० मालिकेच्या गाड्यांमध्ये पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं. डिझेल पंप यांत्रिक, त्यामुळे जंगलात संगणक रुसला म्हणून गाडी अडत नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) ठरलेल्या किलोमीटरला बदलणं मात्र चुकवू नका. इंजिनाचे पार्ट मिळतात. आतल्या सजावटीचे, डॅशबोर्डचे आणि रबराचे तुकडे शोधताना जास्त दमछाक होईल.

आता जरा कडू. "आजवर हिच्यावर इतका खर्च केलाय" हे गाडी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. गेलेले पैसे दोन्ही रस्त्यांनी गेलेलेच आहेत. आणि "पुढे क्लासिक म्हणून भाव येईल" ही आशा गुंतवणुकीच्या यादीत लिहू नका. कामाला जुंपलेल्या, डोंगरात घासलेल्या गाडीला संग्राहक सहसा मोठी रक्कम मोजत नाहीत. जीव अडकलाय म्हणून ठेवताय? ठेवा, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्या प्रेमाचा खर्च घरखर्चाच्या वहीत वेगळ्या ओळीवर दिसू द्या.

पत्नीच्या म्हणण्यात सुरक्षिततेचा एक मुद्दा आहे; तो माझ्या बेरजेत बसत नाही, पण रास्त आहे. तुमच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरते, आणि उंच गाड्या उलटण्याचा धोका त्याने बराच कमी होतो. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली, ती काही उगाच नाही. तेव्हा महामार्गावरचा लांबचा प्रवास, विशेषतः घरची मंडळी बरोबर असताना, पत्नीच्या गाडीने करा. लँड क्रूझर फक्त कच्च्या वाटांसाठी. असं केल्याने तिचं आयुष्यही वाढेल.

कर्ज काढलं असतं तर महिन्याचा हप्ता त्याच मापात १.६६ बसला असता. त्यातला निम्मा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याला गाडीशिवाय कुणी हात लावायचा नाही. पाच वर्षांत ५० जमतील, आणि माझ्या अंदाजाने पुढच्या दुरुस्त्या त्यातले १५ खातील. उरलेला निम्मा हप्ता निवृत्तीच्या गुंतवणुकीत वळवा. आत्ताचं काम बचतीतल्या ८मधून करा, क्रेडिट कार्डावर नको.

मात्र गिअरबॉक्सला हात लावण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तपासून घ्या. मागच्या चाकांच्या वरचा भाग, जोड, सस्पेन्शन जिथे चासीला धरलंय त्या जागा. वरवरचा गंज चालतो. हातोडीने ठोकल्यावर पत्रा आत गेला किंवा पापुद्रे सुटले, तर हे सगळं गणित रद्द. मग गिअरबॉक्सवर एक पैही घालू नका; गाडी आहे तशी विका आणि नवीकोरी घेण्याऐवजी तीन-चार वर्षं वापरलेली बघा, म्हणजे किमतीतल्या घसरणीचा मोठा वाटा पहिल्या मालकाने सोसलेला असेल.