वाचकांचे प्रश्न: ज्यू सण आणि घरातली मुलं

प्रश्न: पेसाखच्या, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेच्या सणाच्या, सेदेरला (रात्रीच्या विधिवत जेवणाला) आम्ही मोठी माणसं हागादा (सुटकेच्या कथेची पोथी) वाचत बसतो आणि सहा व नऊ वर्षांची मुलं जेवण येईस्तोवर पेंगतात, नाहीतर टेबलाखाली शिरतात. पीडांच्या गोष्टीतले प्लास्टिकचे बेडूक, चित्रांची पुस्तकं, सगळं आणून झालं. काय करावं?

उत्तर: बेडूक कपाटात जाऊ द्या. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे मुलांना पाचव्या मिनिटाला कळतं, मग खेळणी कितीही आणा.

पण आधी भूक आणि झोप बघा. सेदेरच्या चार वाइनच्या प्याल्यांपैकी पहिल्यावरचा किद्दुश (सणाचा आशीर्वाद) रात्र पडल्याशिवाय करता येत नाही आणि सेदेरच्या पंधरा टप्प्यांत जेवण अकरावं आहे. त्यामुळे दुपारी मुलांना दोन तास झोपवा आणि संध्याकाळी उकडलेले बटाटे, अंडी, फळं पोटभर द्या. मात्सा (खमीर न घातलेली रोटी) तेवढी रात्रीपर्यंत राखून ठेवा. तिसरा टप्पा कारपासचा, म्हणजे मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या भाजीचा. मोठ्यांनी तिथे ऑलिव्हपेक्षा लहान तुकडा खायचा असतो. मुलांपुढे मात्र बटाट्याचा वाडगाच ठेवा. मिठाचं पाणी, वाटीभर पाण्याला मोठा चमचाभर मीठ, दिवसाउजेडीच करून ठेवा. सेदेर शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतिदिवसाच्या, शुक्रवारच्या रात्री आला तर तेव्हा ते कालवत बसता येणार नाही.

आता कामं. ‘मा निश्ताना’ (‘ही रात्र वेगळी का?’) धाकट्याचं. त्यात चार प्रश्न आहेत आणि पुरीमच्या सणापासून पेसाखपर्यंत बरोबर महिना मिळतो, म्हणजे आठवड्याला एक प्रश्न आरामात पाठ होतो. मात्र त्याचं म्हणून झालं की लगेच पुढचं पान वाचू नका. तिथेच बहुतेक घरांचा सेदेर ढेपाळतो: मूल विचारतं आणि उत्तर पुस्तकाला मिळतं. हागादा मिटा आणि मिसरची गुलामी, फारो, समुद्र हे सगळं पाच मिनिटं आपल्या बोलीत, मुलाकडे बघत सांगा. मग वाचन सुरू करा. जुने धर्मपंडित राब्बी अकिवा पेसाखच्या संध्याकाळी मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत, त्यांनी जागं राहावं आणि विचारावं म्हणून, असं तालमूद या धर्मग्रंथातच आहे.

मोठ्या मुलाकडे अफिकोमान, म्हणजे जेवणाच्या शेवटी खायचा मात्साचा तुकडा, द्या. चौथ्या टप्प्यात तिनांतली मधली मात्सा मोडतात. लहान तुकडा परत दोन मात्सांमध्ये जातो, मोठा अफिकोमान म्हणून लपवतात. इथे दोन घोटाळे हमखास होतात. यंत्राची पातळ मात्सा सोफ्याच्या फटीत कोंबली की तिचा भुगा होतो, म्हणून ती जाड रुमालात गुंडाळा. आणि लपवणारा झोपला की जागा कुणालाच ठाऊक नसते! लपवायची हद्द एकच खोली ठेवा आणि एका मोठ्या माणसाला गुपितात घ्या. सापडलाच नाही तर सेदेरसाठी आणलेली दुसरी मात्सा चालते. अफिकोमान मध्यरात्रीच्या आत खायचा आणि त्यानंतर काहीच खायचं नाही, तेव्हा गोडधोड त्याआधी आटपा. ही मध्यरात्र घड्याळातले बारा नव्हे. सूर्यास्त ते सूर्योदय यांचा मध्य काढा.

देवाने मिसरवर धाडलेल्या पीडांची नावं घेताना पुष्कळ घरांत बोटाने वाइनचे थेंब बशीत काढतात. ‘रक्त, अग्नी, धुराचे लोट’ यांचे तीन, दहा पीडांचे दहा, मग त्यांच्या आद्याक्षरांच्या तीन शब्दांचे तीन, असे एकूण सोळा. सहा वर्षांच्या पोराला मोजणीला बसवा. पंधराच भरले तर तो सगळ्यांना पुन्हा मोजायला लावेल.

प्याला किमान ८६ मिलिलिटरचा असला तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत दोघांचे चार-चार प्याले भागतात. मुलांना द्राक्षाचा रस द्या आणि त्यांचे प्याले छोटेच ठेवा.

प्रश्न: पेसाखच्या आदल्या रात्री हामेत्स (खमिराचे, पेसाखला वर्ज्य पदार्थ) शोधताना मुलांनी मुद्दाम लपवलेल्या दहापैकी नऊच तुकडे आणले. दहावा कुठे ठेवला ते आठवेना!

उत्तर: लपवतानाच जागांची यादी लिहा आणि ती खिशात ठेवा. प्रत्येक तुकडा कागदात बांधा, म्हणजे चुरा सांडणार नाही. मेणबत्ती एकाच वातीची घ्या. पडद्यांमागे आणि पलंगाखाली मात्र टॉर्चच वापरा. चुरा झाडून घ्यायचं पीस आणि लाकडी चमचा मुलांच्या हातात द्या. सकाळी तेच सगळं जाळायचं असतं.

प्रश्न: गॅलरीत सुक्का (सुक्कोथच्या सणाचा मांडव) बांधला तर चालेल का? मुलांना त्यात काय करू द्यावं?

उत्तर: वर दुसरी गॅलरी असेल तर नाही. सुक्क्यावर थेट आकाश हवं. झाडाखालीही चालत नाही. गच्ची किंवा अंगण बघा. शास्त्राला आतून सात मुठी लांबी-रुंदी पुरते, म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर. पण चौघं टेबलाशी बसणार असाल तर दोन मीटर बाय दोन मीटर लागेल. आधी भिंती, मग छप्पर. कापडी भिंती वाऱ्याने फडफडतात आणि तिथेच सुक्का बाद होऊ शकतो. म्हणून चारही बाजूंना जमिनीपासून वीस-वीस सेंटिमीटरवर पाच दोऱ्या ताणून बांधा. हे काम मुलांचं: मोजपट्टी एकाकडे, गाठी दुसऱ्याकडे.

छपराला कापलेल्या फांद्या किंवा बांबू. प्लास्टिकची पानं नकोत. उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे, हे दुपारी जमिनीवर बघून मुलंच ठरवू शकतात. नुसत्या पाल्याचं छप्पर चौथ्या दिवशी आक्रसतं, ऊन वाढतं आणि पानं वाटीतल्या सूपमध्ये पडतात. म्हणून खाली बांबू आणि वर गरजेपेक्षा जास्त पाला घाला. पाऊस आला तर खुशाल घरात जाऊन जेवा, भिजत बसण्यात पुण्य नाही.

प्रश्न: हनुक्काच्या, म्हणजे आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाच्या, शुक्रवारी मेणबत्त्या लवकर विझतात.

उत्तर: त्या दिवशी त्या शब्बाथच्या दिव्यांआधी लावतात आणि रात्र पडल्यावरही अर्धा तास जळायला हव्यात. छोट्या मेणबत्त्या तेवढ्या टिकत नाहीत. लांब मेणबत्ती घ्या, किंवा तेलाची वात आदल्या दिवशी घड्याळ लावून जाळून पाहा. शमाश (बाकीच्या पेटवायची मेणबत्ती) धरून, रोज एक वाढवत, आठ रात्रींना ४४ लागतात. उजवीकडून मांडायच्या, पण पेटवताना डावीकडच्या नव्या मेणबत्तीपासून सुरुवात करायची. मुलं इथेच चुकतात, पाठ झाल्यावर मोठ्यांच्या चुका काढतात.

प्रश्न: रोश हाशानाच्या (ज्यू नववर्षाच्या) ताटाचे आशीर्वाद हिब्रूत असतात. मुलांना ओ की ठो कळत नाही.

उत्तर: ते मुळात शब्दांचे खेळ आहेत. खजूर म्हणजे तामार, म्हणून ‘यितामू’, वैरी संपोत. बीट म्हणजे सिल्का, म्हणून ‘यिस्ताल्कू’, दूर होवोत. यिद्दिश बोलणाऱ्यांनी त्यात गाजराची भर घातली, कारण त्यांच्या ‘मेरन’चा अर्थ गाजरंही होतो आणि वाढणंही. मग मराठीने का मागे राहावं? हिब्रू प्रार्थना आहे तशी म्हणा आणि नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हाशानालाच, प्रत्येकाने आपली एक भाजी घेऊन यावी. मुळा: वाईट मुळासकट जावो. केळ्यांचा घड: चांगलं घडो. पालक: मुलांना पालकांचं ऐकावंसं वाटो (ही जुडी मिठाच्या पाण्यात बुडवून, एकेक पान उजेडात धरून किडे तपासल्याशिवाय ताटात घेऊ नका). भोपळा तर जुन्या यादीतलाच आहे: आमचं वाईट चिंतणाऱ्यांच्या हाती भोपळा येवो.